रविवारी दोन तास उघडणारे चर्च आठवडाभर वस्तीच्या उपयोगी कसे पडेल?

प्रश्न असा आला होता: आमच्या चर्चची मंडळी सांगलीतली, शंभरेक कुटुंबांची. उपासना मंदिराशेजारी हॉल आहे, मागे स्वयंपाकघर आहे, आवारही मोठे आहे. पण रविवारची भक्ती आणि बुधवारची प्रार्थनासभा सोडली तर फाटकाला कुलूप. तरुण संघाचे म्हणणे, ही जागा वस्तीच्या कामी आली पाहिजे. काही वडीलधाऱ्यांना पावित्र्य जाईल असे वाटते, काहींना धर्मांतराचा आळ येईल याची भीती आहे. कमिटीत मी नवा आहे. सुरुवात कुठून करू?

सलाम.

मी मिरजेचा. मंडळीच्या कमिटीत आधी खजिनदार होतो, मग सेक्रेटरी. गेली बरीच वर्षे सांगली-सातारा भागातल्या लहान मंडळ्यांना हॉल आणि आवार चालवण्याच्या कामात मदत करतो. त्या अनुभवावरून लिहितो आहे.

पहिली विनंती ही की कार्यक्रमांची यादी करू नका. कमिटीत हा विषय निघाला की अर्ध्या तासात कागद भरतो: शिवणवर्ग, संगणकवर्ग, आरोग्य शिबिर, व्यसनमुक्ती, वृद्धांचा मेळावा. त्यातले एक-दोन होतात, फोटो निघतात आणि कुलूप पुन्हा जागेवर जाते. वस्तीतला माणूस एखादी जागा आपली मानतो ती गेल्यावर उघडी सापडेल या भरवशावर. रोज संध्याकाळी पाच ते नऊ फाटक उघडे, प्यायला पाणी, धुतलेला संडास, चार बाकडी आणि येणाऱ्याची विचारपूस करणारे एक माणूस. एवढे वर्षभर न चुकता जमले तर पुढची कामे लोकच तुमच्यापर्यंत घेऊन येतील. संडासाचे मी मुद्दाम लिहिले. बायका आणि म्हातारी माणसे एखाद्या ठिकाणी थांबतात की नाही, हे बहुतेक वेळा त्यावरच ठरते.

त्यामुळे पहिला खरा प्रश्न किल्लीचा. किल्ली एकाच्या घरी आणि तो गावाला गेलेला, ही आपल्या अर्ध्या मंडळ्यांची अवस्था आहे. तीन किल्ल्या करा. एक राखणदाराकडे, एक महिला मंडळाच्या बाईंकडे, एक कमिटीकडे. राखणदाराला नीट पगार द्या. आवारातली खोली राहायला दिली म्हणजे पगार झाला, असे आपल्याकडे सर्रास धरले जाते, ते बरोबर नाही. ज्याच्या जिवावर फाटक उघडे राहणार, त्याच्या पोटाची व्यवस्था अंदाजपत्रकात सगळ्यात वर हवी.

मग एक महिना फाटकाशी कोण येते ते पाहा. वही ठेवा आणि लिहा. प्रत्येक जागेची गरज वेगळी असते, ती कमिटीच्या बैठकीत बसून सुचत नाही. मिरजेत ती उघड दिसते. कर्नाटकातून, पार बेळगाव-विजापूर बाजूने रुग्ण येतात आणि खाटेवरच्या एका माणसामागे बाहेर दोन-तीन नातेवाईक फुटपाथवर बसलेले असतात. त्यांना हवी असते अंघोळीला जागा, फोन चार्ज करायला पॉइंट आणि कानडी-मराठी दोन्ही बोलणारे कोणी. साताऱ्यात जावळी-पाटणच्या गावांतून पोलीस भरतीला, एमपीएससीला आलेली मुले एका खोलीत चौघे राहतात. त्यांना वाचायला शांत जागा हवी असते. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची मुले हंगामभर शाळेबाहेर राहतात. सांगलीच्या जुन्या पेठांत मुले पुण्या-मुंबईला गेलेली आणि आईवडील एकटे अशी घरे वाढताहेत. यातले तुमच्या फाटकाशी कोण येते? जे येते ते एकच काम पहिल्या वर्षी धरा.

पावित्र्याच्या प्रश्नाला वडीलधाऱ्यांना टाळून पुढे जाऊ नका. त्यांची काळजी खरी आहे. ज्या वेदीपुढे त्यांचे बाप्तिस्मे झाले, लग्ने लागली, जिथून आईवडिलांना शेवटचा निरोप दिला, ती जागा कुणी कशीही वापरावी असे त्यांना का वाटेल? म्हणून सीमा स्पष्ट आखा. उपासना मंदिर उपासनेलाच. हॉल, व्हरांडा, स्वयंपाकघर आणि आवार वस्तीला. आवारात तंबाखू-दारू नाही, राजकीय पक्षाची सभा नाही, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नाही (तो तर कायदाही आहे). उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) आणि मंडळीत मयत झाले त्या दिवशी हॉल मंडळीचा. अभ्यासाला येणाऱ्या मुलांना हे आधी सांगितलेले असले की ती आपणहून खुर्च्या लावायला येतात, हे मी पाहिले आहे. नियम लिहून कमिटीत मंजूर करा आणि मग वडीलधाऱ्यांपैकीच एकांना त्या नियमांची देखरेख द्या. विरोध करणारे माणूस बहुतेक वेळा सगळ्यात जास्त जीव लावणारे असते.

धर्मांतराच्या आळाबद्दल मी थोडे जास्त लिहितो, कारण इथे घाबरूनही चालत नाही आणि गाफील राहूनही.

आपल्या भागाचा इतिहास तुमच्या बाजूने आहे. मिशनरी डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडले. तिथे पिढ्यान्‌पिढ्या सर्व जातीधर्मांची माणसे बरी झाली, आणि मिरजेला वैद्यकीय नगरी म्हणतात त्याचे मूळ तिथे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक शेवटच्या काळात साताऱ्यात राहिले. १९१७ मध्ये तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही स्थान होते. मिरजेतच ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ विसावले आहेत आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथे गाण्याच्या मैफली होतात. ऐकायला येणाऱ्याला कुणी धर्म विचारत नाही. प्रार्थनेची जागा सगळ्यांसाठी उघडी असणे आपल्याकडे नवे नाही, हे कमिटीत ठणकावून सांगा.

पण नियम कडक ठेवा. सेवेच्या वेळेत पत्रके वाटायची नाहीत. अन्न, औषध, वही, निवारा यांच्यापुढे प्रार्थनेची अट ठेवायची नाही, आडूनसुद्धा नाही. कुणी स्वतःहून म्हणाले, “पाळकसाहेब, माझ्या मुलासाठी प्रार्थना करा,” तर पाळकसाहेब (आपले धर्मगुरू) ती करतील, त्यांच्या खोलीत, त्या माणसाबरोबर. हे मी भीतीपोटी सांगत नाही. भुकेल्या माणसाच्या ताटाला अट जोडली की सेवा उरत नाही, असे मी मानतो. प्रभूने पाच हजारांना जेवू घातले तेव्हा आधी कुणाची यादी केली नव्हती. नियम मराठीत मोठ्या अक्षरांत फाटकाजवळ लावा. अभ्यासिकेच्या किंवा रुग्णसेवेच्या उपसमितीत शेजारचे दोन बिगरख्रिस्ती लोक घ्या, एखादे निवृत्त शिक्षक, एखाद्या दुकानदार ताई. उद्या कुणी काही बोलले तर पहिले उत्तर तेच देतील. काम सुरू करण्यापूर्वी पोलीस ठाण्यात आणि वॉर्डातल्या नगरसेवकांना एक साधे माहितीपत्र द्या. परवानगी मागायची गरज नाही, माहिती दिलेली बरी.

अभ्यासिका करणार असाल तर काही व्यवहाराच्या गोष्टी. ती अगदी फुकट ठेवू नका, महिन्याला थोडी फी घ्या. ज्याला परवडत नाही त्याची फी गुपचूप माफ करा, ते एका माणसाच्या हातात ठेवा. विजेसाठी वेगळा सबमीटर लावा, नाहीतर दर महिन्याला बिलावरून मंडळीत वाद होतील. टेबलापाशी पॉइंट, दोन मराठी दैनिके, एक इंग्रजी. मुलींना गावी नेणारी शेवटची एसटी कितीला आहे ते विचारा आणि मुलींसाठी दिवसाची वेळ ठेवा. संध्याकाळी पाचला उघडणारी अभ्यासिका खेडेगावच्या मुलीच्या उपयोगाची नाही. प्रत्येकाचे ओळखपत्र आणि पालकाचा फोन नंबर वहीत हवा. लहान मुलांचा वर्ग असेल तर दोन मोठी माणसे कायम हजर आणि दार उघडे, या नियमाला अपवाद नाही, मग शिकवणारा कितीही ओळखीचा असो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची घटना कळल्यावर ती पोलिसांना कळवणे पोक्सो कायद्याखाली बंधनकारक आहे. ‘मंडळीची अब्रू’ म्हणून आतल्या आत मिटवणे हा गुन्हा आहे आणि पापही.

सांगलीतल्या मंडळीला पुराचा विचार टाळता येणार नाही, म्हणून यावर सविस्तर.

कोयनेचे पाणी कराडला कृष्णेत येते, आणि सांगलीच्या खाली लगेच हरिपूरला वारणा मिळते. दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या की सांगलीतले पाणी हलत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. २००५ आणि २०२१ मध्येही शहर बुडाले. तुमचा हॉल पुलापाशी किती फूट असताना भिजतो? शेजाऱ्यांना विचारा, त्यांना ते पाठ असते. तो आकडा हॉलच्या भिंतीवर रंगाने लिहा. पुढचे सगळे नियोजन त्या एका आकड्यावर उभे राहील.

हॉल पाण्यात जाणारा असेल तर तो निवारा होऊ शकत नाही, हे स्पष्ट मान्य करा. मग तुमचे काम लोकांना वेळेत बाहेर काढण्याचे. मिरजेच्या उंच भागातल्या एखाद्या मंडळीशी मे महिन्यातच बोलून ठेवा: आमची इतकी कुटुंबे येतील, शेजारचीही येतील, तुमचा हॉल आणि स्वयंपाकघर द्या. कुणाकडे टेम्पो आहे, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोणाकडे जनावरे आहेत, याची यादी जूनच्या पहिल्या रविवारी वाचून दाखवा. जनावरे मागे ठेवून माणूस निघत नाही. त्यांची सोय झाली नाही तर तो शेवटपर्यंत घरात थांबतो.

आणि मंडळीच्या नोंदवह्या. बाप्तिस्मा, विवाह, दफन. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालची विवाहाची नोंद हा लोकांच्या हक्काचा कायदेशीर पुरावा आहे. पासपोर्टला, वारसाला, पेन्शनला माणसे चाळीस वर्षांनी तो उतारा मागायला येतात. या वह्या तळमजल्यावरच्या लाकडी कपाटात असतील तर आजच वर हलवा आणि प्रत्येक पान स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. हे काम तरुण संघाला द्या. त्यांना मंडळीचा इतिहासही त्यातून कळेल.

हॉल कोरडा राहणारा असेल तर निवारा चालवण्याची तयारी पावसाआधी करा. जमखाने, ताडपत्री, मोठी पातेली, दोन जादा सिलिंडर, पाण्याची टाकी धुतलेली. बायकांना वेगळी खोली, तिथे सॅनिटरी पॅड आणि आतून कडी. कुटुंबवार नोंदवही. आणि ज्याकडे कुणाचे लक्ष जात नाही ते: लोक घरातून निघताना रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मागे ठेवून येतात. दुसऱ्या दिवशी माणसे चक्कर येऊन पडू लागतात. इथे आपल्या मंडळ्यांकडे जी शिदोरी आहे ती दुसऱ्या कुणाकडे नाही: निवृत्त सिस्टर. मिरज-सांगलीच्या ख्रिस्ती घरांत तीन पिढ्यांच्या परिचारिका आहेत. दारातच एका सिस्टरना टेबल द्या, त्या येणाऱ्या प्रत्येकाला विचारतील, कोणते औषध, किती वाजता, इन्सुलिन आहे का. संध्याकाळपर्यंत डॉक्टरांना दाखवायची यादी तयार असते. औषध त्यांनी स्वतः सुरू करायचे नाही, ते डॉक्टरांचे काम.

जुन्या कपड्यांचे ढीग घेऊ नका. ट्रक भरून येतात, निम्मे फाटके असतात आणि ते वेगळे करण्यात तुमचे दहा तरुण अडकतात. “चादरी, टॉवेल, नवी अंतर्वस्त्रे, खराटे, फिनेल” असे नेमके सांगा.

खरे काम पाणी ओसरल्यावर असते, आणि तेव्हा मदत करणारे निघून गेलेले असतात. घराघरांत गुडघाभर चिखल, सडलेले धान्य, सापविंचू, बंद पडलेली मोटार. फावडी, घमेली, गमबूट, हातमोजे आणि ब्लीचिंग पावडर यांचा साठा हॉलमध्ये ठेवा आणि वस्तीला वापरायला द्या. चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसबद्दल (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) आरोग्य केंद्राकडून आधी माहिती घेऊन द्या. भिंतीवरची पाण्याची खूण पुसण्याआधी फोटो काढायला सांगा, तो पंचनाम्याला लागतो. एक टेबल फक्त कागदांचे: आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक भिजलेल्यांचे अर्ज भरून देणे. अशा एका टेबलामुळे वस्ती तुमच्या चर्चला जितके ओळखेल, तितके दहा नाताळच्या कार्यक्रमांनी ओळखणार नाही.

आता पैसा आणि कायदा. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण चांगली कामे इथेच अडतात.

मिशनकाळातल्या मिळकती बहुतेक ठिकाणी स्थानिक मंडळीच्या नावावर नाहीत. त्या वरच्या ट्रस्टच्या नावावर असतात आणि काहींवर वर्षानुवर्षे दावे चालू आहेत. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा, ट्रस्टची धर्मादाय कार्यालयातली नोंद पाहा, मगच कुणाला काही लिहून द्या. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने देण्यास किंवा विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हॉल चालू लागला, रस्त्यालगतचे आवार लोकांच्या डोळ्यांत भरले की कुणीतरी ‘विकासाचा’ प्रस्ताव घेऊन येतेच: पुढे गाळे, वर हॉल बांधून देतो. मला या प्रस्तावांची धास्ती वाटते. गाळे उभे राहतात, आवार जाते, आणि ज्या मोकळ्या जागेत मुले खेळायची, पुराच्या वेळी ट्रॅक्टर उभे राहायचे, ती परत मिळत नाही. तुमच्या मंडळीची सर्वांत मोलाची मालमत्ता ते रिकामे आवारच आहे.

परदेशातून येणाऱ्या देणगीबाबत एक बारकावा. आखातात काम करणारी तुमच्या मंडळीची सिस्टर भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देणगी देत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, मग तो तुमचा सख्खा भाऊ का असेना, त्याची रक्कम एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) खालच्या नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी नाही. लेखापरीक्षकांना विचारूनच पुढे जा.

रोजच्या खर्चाला मात्र इतक्या लांब जायला नको. कापणीच्या सणाचा लिलाव आठवा. ज्वारीचे पोते, हळद, तासगावचा बेदाणा, उसाची मोळी. एका लिंबावर बोली चढत जाते, घेणारा ते परत अर्पण करतो आणि पुन्हा बोली लागते. त्या दिवशी मंडळीचा हात सैल असतो. यंदाच्या लिलावाआधी पाळकसाहेबांनी सांगावे की निम्मी रक्कम हॉलच्या कामाला, आणि धान्य थेट स्वयंपाकघरात. वेगळी पावती, वेगळे खाते, दर तीन महिन्यांनी हिशेब फळ्यावर. हिशेब फळ्यावर दिसला की देणारे वाढतात.

शेवटी पाळकसाहेबांविषयी. ते उत्साही असतील तर देवाचे आभार माना, पण काम त्यांच्या खांद्यावर उभे करू नका. त्यांची बदली होणार आहे. कॅथलिक धर्मग्रामातले फादरही बदलतात, आपलेही. नवे पाळक येतात, त्यांची ओढ वेगळी असते, आणि आधीचे सगळे विरून जाते. म्हणून हे काम कमिटीच्या ठरावाने, इतिवृत्तात लिहून आणि सभासदांच्या उपसमितीकडे सोपवून सुरू करा. उपसमितीत पाच माणसे पुरेत: महिला मंडळाची एक, तरुण संघाचा एक, एक निवृत्त सिस्टर, वडीलधाऱ्यांपैकी एक, कमिटीचा एक. शेजारचे ते दोघे निमंत्रित म्हणून.

पुढच्या बैठकीत एवढाच ठराव मांडा: “हॉल व आवार रविवार वगळता रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सात सर्वांसाठी उघडे राहील. नियम सोबत जोडले आहेत. राखणदाराच्या पगाराची तरतूद मंजूर. मुदत एक वर्ष, आढावा दर तीन महिन्यांनी.” मी वर पाच ते नऊ लिहिले, ते कमीत कमी माणसे असलेल्या मंडळीसाठी. तुमच्याकडे शंभर कुटुंबे आहेत, दिवसाची पाळी वाटून घेता येईल. ठराव फेब्रुवारीत झाला तर बरे, म्हणजे मे महिन्यात पहिला आढावा येतो आणि पुराची तयारी त्याच बैठकीत घेता येते. नियमांचा मसुदा तयार झाला की पाठवा, मी वाचून कळवतो.